घंटेची दोरी

"परत आलात?" अष्टेकर बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारलं.

"हो, बाई."

"बसा."

खुर्चीसुद्धा आता ओळखीची झाली होती. तिचा मागचा एक पाय आखूड होता, त्यामुळे दर वर्षी मुलाखत देताना मी डावीकडे कललेली असायची. पहिल्या वर्षी मला वाटलं, उमेदवाराचा तोल बघायला मुद्दाम ठेवली असेल. फिजिओथेरपीचं कॉलेज होतं, काहीही शक्य होतं. चौथ्या वर्षापर्यंत उलगडा झाला. माणसांचे पाय सरळ करायला शिकवणाऱ्या संस्थेत खुर्चीचा पाय सरळ करणारं कुणी नव्हतं, एवढंच.

टेबलापलीकडे तिघं होती. मधे प्राचार्या अष्टेकर बाई, त्यांच्या एका हाताला मिशीवाले जांभेकर सर आणि दुसऱ्या हाताला संस्थेचे एक विश्वस्त. विश्वस्त दर वर्षी बदलायचे, पण चहा पीत असायचे.

"नाव काय?" विश्वस्तांनी बशीतून वर न बघता विचारलं.

"शालन रखमाजी तेजम."

"हिला आम्ही ओळखतो साहेब," जांभेकर सर म्हणाले. "ही आपली सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. प्रवेश तेवढा राहिलाय."

विश्वस्त हसले. मुलाखतीत चेहरा हसरा ठेवावा असं कुठंतरी वाचलं होतं, म्हणून मीही हसले.

अष्टेकर बाई हसल्या नाहीत. त्या कधीच हसत नसत. त्यांनी थेट विचारलं, "वडिलांचा हात काय म्हणतोय?"

"तिथंच आहे, बाई."

"म्हणजे गेल्या वर्षी होता तिथंच?"

"हो."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी?"

"तिथंच."

विश्वस्तांना यातलं काही कळेना. त्यांच्यासाठी मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. आप्पा एस.टी.त कंडक्टर. मी बारावीला असताना आजऱ्याच्या स्टँडवर गाडी सोडायला त्यांनी घंटेच्या दोरीला हात घातला आणि तो हात खाली आला तेव्हा त्यांचा राहिलेला नव्हता. अर्धांगवायू. पाय पुढे फरफटत का होईना, पण परत आला. उजवा हात आला नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या व्यायामाच्या डॉक्टरांनी मला हाताचे व्यायाम शिकवले, आणि तिथून येताना गाडीतच मी ठरवलं की आयुष्यात हेच करायचं. मार्कांवर सरकारी जागा मिळण्यासारखी नव्हती. या कॉलेजात संस्थेच्या थोड्या जागा तोंडी परीक्षेवर भरत. म्हणून मी येते. दर वर्षी येते.

"चांगलं आहे की मग," विश्वस्त म्हणाले. "पोरीला तळमळ आहे."

"तळमळ आहे," अष्टेकर बाई म्हणाल्या. "पहिल्या वर्षी मीच म्हटलं होतं, घरातच पेशंट आहे, पुढच्या वर्षी त्या हाताची प्रगती घेऊन या. तेजम, मी जरा कठोर बोलते. इतकी वर्षं एक हात तुमच्या ताब्यात आहे. त्यात तसूभर फरक नाही. दवाखान्याचे कागद तुम्हीच मागं दाखवलेत, त्यात तर लिहिलंय की हात येण्यासारखा आहे. मग चुकतंय कुठं?"

मी कललेल्या खुर्चीत तोल सावरला.

"उद्या तुम्ही दुसऱ्याच्या वडिलांना हात लावणार. तेव्हा काय सांगणार, तिथंच आहे?"

मी उठले. उठताना खुर्ची टक् करून सरळ झाली. तेवढीच एक गोष्ट त्या दिवशी माझ्या हातून सरळ झाली.

परतीच्या गाडीला रसूलभाई मुल्लाणी कंडक्टर होते. आप्पांचे जुने जोडीदार. आप्पा आजारी पडल्यावर त्यांनीच भंगारात गेलेल्या गाडीची घंटा आणि दोरी आणून आमच्या घरात आप्पांच्या कॉटवर आढ्याला बांधून दिली होती. व्यायाम म्हणून. हात वर न्यायचा, दोरी ओढायची. "बाकीचं काय विसरंल, पर घंटा न्हाई विसरायचा कंडक्टर," असं ते म्हणाले होते.

मी पुढच्या बाकावर बसले. रसूलभाई तिकिटं फाडत माझ्यापाशी आले.

"काय गं शालन? एक का दोन?"

एस.टी.त एक घंटा म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. आमची ही खूण पहिल्या वर्षापासूनची. मी एक बोट वर केलं.

रसूलभाईंनी दोरी एकदा ओढली. टण्. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. गाडी माळावर उभी राहिली. आजूबाजूला घर नाही, झाड नाही.

"हितं कोण उतरतंय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"कुणी न्हाई," रसूलभाई म्हणाले. "जरा थांबाय पायजे हुतं." मग त्यांनी दोनदा दोरी ओढली.

घरी आप्पा कॉटवर बसलेले होते. उजवा हात मांडीवर, सांभाळायला दिलेल्या दुसऱ्याच्या पोरासारखा.

"काय झालं?"

"नाही."

"आसू दे. पुढल्या साली हुईल."

आप्पांनी आयुष्यभर गच्च भरलेल्या गाडीच्या दारातून लोकांना सांगितलं होतं, 'मागनं गाडी रिकामी येतीया.' पुढल्या सालचं ते त्याच आवाजात सांगायचे. त्या आवाजावर विश्वास ठेवून स्टँडवर रात्र काढलेली माणसं आमच्या तालुक्यात पुष्कळ आहेत.

"पुढलं साल नाही आता," मी म्हटलं. "सोमवारपासून काजूच्या कारखान्यात जाते. बायका घेतायत."

"कारखान्यात?" आप्पा ताठ झाले. "हाताची सालं जातील काजूच्या तेलानं."

"जाऊ देत. माझ्या हातांचा कुणाला उपयोग आहे?"

"शालन, असं करू नगंस. असं केलंस तर माझं कसं?"

मला संताप आला. "तुमचं कसं म्हणजे? इतकी वर्षं तुमच्या हाताला तेल चोळतेय, रोज सकाळ-संध्याकाळ वर-खाली करतेय. त्याला ओळख तरी आहे का माझी? पहिल्या वर्षी बोटं हलली, शिमग्याला हात छातीपर्यंत आला, एकदा तर दोरीला लागला. आणि मग आला तसा गेला. आप्पा, तुमचा हात येणार नाही. मला हे काम येत नाही, एवढाच त्याचा अर्थ."

आप्पांनी तोंड उघडलं. तेवढ्यात आई चुलीपाशी खोकली. चुलीत धूर नव्हता. आप्पांनी तोंड मिटलं.

दुपारची जेवणं झाली, म्हणजे ताटं वाढली आणि उचलली गेली. आई भांडी घेऊन मागे गेली. आप्पा आडवे झाले. मी भिंतीला टेकून बसले होते. रडत नव्हते, ती सवय दुसऱ्या वर्षीच मोडली होती. आप्पांकडे नुसती बघत होते, कारण त्या खोलीत बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

आप्पा घोरायला लागले. एक माशी आली. आधी दोरीवर बसली, मग आप्पांच्या कपाळावर, मग नाकाच्या शेंड्यावर.

उजवा हात वर आला.

सावकाश नव्हे, चाचपडत नव्हे. सरळ छातीवरून उठला, नाकापाशी गेला, दारात लोंबकळणाऱ्या उतारूला 'आत सरका' म्हणावं तशी एक झटक्याची खूण केली आणि परत छातीवर येऊन पडला. आप्पा घोरतच होते.

माशी परत आली. हात परत वर आला.

"आप्पा!"

आप्पा दचकून उठले. आई ओल्या हातांनी धावत आली.

"हात हलतोय तुमचा."

"कुठला?" आप्पांनी डावा हात वर करून दाखवला. "ह्यो व्हय? ह्यो हलतोयच की."

"उजवा. आत्ता माशी उडवलीत तुम्ही. दोनदा."

आप्पांनी आईकडे पाहिलं. आईनं आढ्याकडे पाहिलं.

"सांगा आता," आई म्हणाली. "मी म्हटलं हुतं, दुपारचं निजू नगासा."

मग आप्पांनी सांगितलं. दुसऱ्या वर्षी मी मुलाखतीला निघाले, त्याच्या आदल्या दिवशी ते काठी टेकत गावातल्या रवळनाथाच्या देवळात गेले होते. आईला घेऊन. पोरीला प्रवेश मिळू दे म्हणून नवस बोलायला. आई म्हणाली होती, मी भात सोडते.

"मी म्हटलं, तुज्या भाताचं देव काय करनार?" आप्पा म्हणाले. "देवाला देयाचं ते आपल्या जिवाभावाचं पायजे. लोक चहा सोडत्यात, चप्पल सोडत्यात. माज्याकडं काय हुतं? गाडी गेली, पगार गेला, पाय फरफटतोय. ह्यो हात तेवढा नुकता माघारी आला हुता. नवा हुता. म्हटलं, हाच घे. पोरगी कालिजात जाईस्तवर ह्यो हात उचलनार न्हाई."

"आणि इतकी वर्षं नाही उचललात?"

"बोललोय न्हवं."

"मी त्याला व्यायाम देत होते. रोज."

"तू उचललास तर चालतोय. मी उचलायचा न्हाई, असं बोललोय." हे त्यांनी मोठ्या समजूतदारपणे सांगितलं, पासाचे नियम समजावून सांगावेत तसं. "झोपंत काय हुतंय त्येचं मला ठावं न्हाई. देवालाबी कळतंय तेवढं."

मी हसायला लागले. आई घाबरली. तिला वाटलं, माझ्या डोक्यावर परिणाम झाला. तो झाला असता तरी कुणी नवल केलं नसतं.

"आप्पा, त्या बाई मला दर वर्षी काय विचारतात माहीत आहे? वडिलांचा हात किती सुधारला. पहिल्याच वर्षी सांगितलं होतं त्यांनी, प्रगती घेऊन या. मी सांगते, तिथंच आहे. म्हणून त्या घेत नाहीत. त्या घेत नाहीत म्हणून तुम्ही हात हलवत नाही. तुम्ही हात हलवत नाही म्हणून त्या घेत नाहीत."

आई मटकन खाली बसली. माशीसुद्धा कुठंतरी टेकली असावी.

"हे मला सांगितलं न्हाईस तू," आप्पा हळूच म्हणाले.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आमीबी त्येच्यासाठीच सांगितलं न्हाई," आई म्हणाली.

असं आमचं घर होतं. एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांनी मिळून केवढं वाईट करून ठेवलं होतं.

मी म्हटलं, सोडा तो नवस. आई म्हणाली, मोडलेला नवस पोरीवर उलटतो. मी म्हटलं, मी सायन्सची आहे. आई म्हणाली, देवाला कुठं म्हाईत? शेवटी ठरलं की देवालाच विचारायचं. कौल लावायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं देवळात गेलो. भैरू गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एक एक ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग तो देवाशी बोलायला लागला, चावडीवर पंचांपुढे बोलतात तसं. "देवा म्हाराजा, ह्या रखमाजीनं लेकीपायी हात तुला दिलाय. त्यो आता माघारी मागतोय. लेकीच्याच भल्यासाठी मागतोय. देत असलास तर उजवी दे."

पाकळ्या हलेनात. आम्ही बसून राहिलो. आप्पांनी डाव्या हातानं उजवा हात पोटाशी धरला होता. घाम सुटला होता त्यांना.

"इचार करतोय देव," भैरू म्हणाला.

डावी पडली.

"परत विचार, भैरू," मी म्हटलं.

"एकदा न्हाई म्हटलं की न्हाई. दोनदा इचारलं तर देव खवळतोय." मग तो जरा मऊ झाला. "शालन, देवाचं काय चुकलं सांग की. दिलेली वस्तू कोन माघारी देतंय?"

घरी येताना मी आप्पांना म्हटलं, "निदान मी घरात नसताना तरी हलवा."

"तू नसलीस तरी देव असतोयच की."

मी कारखान्यात गेले नाही. पाचव्यांदा अर्ज करणं भाग होतं, कारण आता तो माझ्या प्रवेशासाठी नव्हता, आप्पांच्या हातासाठी होता. मधलं वर्ष कसं काढायचं एवढा प्रश्न होता. मी व्यायाम देत राहिले, तेल चोळत राहिले. सांधे गुळगुळीत होते. मी फिरवला की हात हवा तसा फिरायचा. पण फिरवत मी होते.

मग मला माशीची आठवण झाली. झोपेतलं देव धरत नाही, हे आप्पांनीच कबूल केलं होतं. दुपारी ते निजले की मी बोट गुळाच्या पाण्यात बुडवून त्यांच्या नाकाच्या शेंड्याला लावायची आणि भिंतीला टेकून बसायची. माश्या यायच्या. हात उठायचा. उठला की मी मनात दोनदा घंटा मारायची. त्या वर्षी आमच्या घरात माश्यांना अभय होतं. आई फडकं घेऊन आली तर मी तिला हाताला धरून बाहेर न्यायची. व्यायामाच्या कुठल्याही पुस्तकात हा प्रकार नाही, पुढे मी शोधला.

दिवाळीपर्यंत हात चटकन यायचा. थंडीत जरा उशिरा येऊ लागला. मी दोष माश्यांना दिला. थंडीत माश्या मंद असतात. शिमग्यानंतर माश्यांचा उपद्रव एवढा वाढला की आप्पा तोंडावर पंचा टाकून झोपायला लागले, आणि माझा दवाखाना बंद पडला.

मुलाखतीला मी आप्पांना सोबत घेऊन गेले. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. रसूलभाईंनी त्यांना कंडक्टरच्या जागेवर बसवलं आणि स्वतः सगळा रस्ता उभे राहिले.

"परत आलात?" अष्टेकर बाई म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष मागे गेलं. "हे कोण?"

"तो हात, बाई," मी म्हटलं. "आणि वडील."

आप्पांसाठी दुसरी खुर्ची आणली. मी डावीकडे कलून बसले आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. नवस, माशी, कौल. जांभेकर सर मिशीतल्या मिशीत हसत होते. नवे विश्वस्त हसता हसता ठसका लागून चहा सांडून बसले. अष्टेकर बाई आप्पांच्या हाताकडे बघत होत्या.

"तेजम, हात हलतो तुमचा?"

"हलतोय की."

"दाखवा."

"आधी ॲडमिशन द्या, मग दावतो."

"हात पाहिल्याशिवाय मी प्रवेश देणार नाही."

"आनि परवेश झाल्याबिगार मला हात उचलता येनार न्हाई," आप्पा नम्रपणे म्हणाले. "मग बसूया बाई. माजी काय घाई न्हाई. सुट्ट्या पैशापायी शेवटच्या स्टँडापर्यंत बसून ऱ्हायलेली लोकं लई बघितल्यात मी."

"अहो, हे काय चाललंय!" जांभेकर सर म्हणाले. "मॅडम, बाहेर वीस मुलं थांबलीत."

अष्टेकर बाई उठल्या. खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दिला."

"काय दिला?" विश्वस्त.

"प्रवेश. शालन तेजम. लिहा जांभेकर." आणि आप्पांना म्हणाल्या, "मी शब्द बदलत नाही. झाला तुमचा नवस पुरा. आता उचला."

आप्पांनी डोळे मिटले. ओठ हलले. देवाचं नाव घेतलं असावं. मग डोळे उघडून त्यांनी मांडीवरच्या हाताकडे पाहिलं.

आम्ही सगळेच त्या हाताकडे पाहत होतो.

हात मांडीवर होता.

"एक मिनिट," आप्पा म्हणाले. "जरा निजलाय."

त्यांनी खांदा उडवला. खांदा वर गेला, हात मागे राहिला. त्यांनी दातांवर दात आवळले. मानेच्या शिरा फुगल्या. टोपीखालून घाम ओघळला. आपलं गाव आलं तरी न उतरणाऱ्या उतारूकडे पाहावं तसं ते हाताकडे पाहत होते. "चल," ते हळूच म्हणाले. "चल की. आलं आपलं ठिकान."

करंगळी हलली. की तो माझा भास होता? आजही सांगता येणार नाही.

विश्वस्तांनी कप बशीत ठेवला. कुणीच हसत नव्हतं.

अष्टेकर बाई टेबलाला वळसा घालून आल्या आणि आप्पांच्या पुढ्यात चक्क जमिनीवर बसल्या. त्यांनी तो हात दोन्ही हातांत घेतला, कोपरातून वाकवला, खांद्यातून वर नेला, मनगट फिरवलं, एक एक बोट उघडून बघितलं.

"सांधे उत्तम राखलेत," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी माझं काही चांगलं म्हटलं होतं. मग आप्पांना विचारलं, "नवस बोलल्यापासून स्वतः एकदाही नाही हलवला?"

"एकदाबी न्हाई," आप्पा म्हणाले. आवाजात अभिमान होता. तो अजून पुरता गेलेला नव्हता.

बाईंनी हात परत मांडीवर ठेवला. झोपलेलं मूल ठेवावं, तसा.

"मॅडम," विश्वस्त चाचरत म्हणाले, "पण मग हात तर... प्रवेशाचं काय करायचं?"

"दिलाय," बाई उठत म्हणाल्या. "यांनी शब्द पाळला. मीही पाळते. पुढच्या मुलाला बोलवा."

गाडीत रसूलभाईंनी विचारलं, "एक का दोन?"

मी काही बोलायच्या आत आप्पा ओरडले, "दोन! अरं रसूल, दोन मार! झाली ॲडमिशन!" आणि त्यांनी डाव्या हातानं पेढ्यांचा पुडा पुढे केला. त्यांनी तो कधी घेतला मला कळलंही नव्हतं. बहुतेक सकाळीच, जाताना. गाडीतल्या प्रत्येकाला पेढा मिळाला. ड्रायव्हरलासुद्धा. रसूलभाईंनी दोन घंटा मारल्या आणि आप्पांच्या मांडीकडे पाहून लगेच दुसरीकडे पाहिलं.

"आनि हाताचं काय गं एवढं," आप्पा माझ्या कानाशी म्हणाले. "त्यो काय, येईल. तू हाईस की आता."

मागनं गाडी रिकामी येतीया.

पहिल्या सहामाहीत आम्हाला शिकवलं. जांभेकर सरांनीच शिकवलं. बरा होऊ लागलेला हात माणसानं वापरला नाही, तर मेंदू त्याला हळूहळू हिशेबातून काढून टाकतो. सांधा चांगला असतो, स्नायू असतो, पण बोलावणंच जात नाही. सर हे फळ्याकडे तोंड करून शिकवत होते. संपल्यावरही जरा वेळ ते फळ्याकडेच तोंड करून उभे राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले. नवी पुस्तकं आणली होती, नवे व्यायाम आणले होते. आप्पा सगळं करायचे, आता तर मन लावून करायचे. डाव्या हातानं उजवा धरून दोरीपर्यंत न्यायचे, बोटं दोरीभोवती गुंडाळायचे आणि वाट बघायचे. घंटा वाजायची नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी ते निजले. मी तोंडावरचा पंचा हळूच बाजूला केला. गुळाच्या पाण्यात बोट बुडवलं, नाकाच्या शेंड्याला लावलं आणि भिंतीला टेकून बसले. आई फडकं घेऊन दारात आली, मला बघून तिथंच थांबली.

माशी आली. दोरीवर बसली. मग कपाळावर. मग नाकावर.

मी उजव्या हाताकडे बघत होते.

डावा हात उठला. नाकापाशी गेला, माशी उडवली आणि परत येऊन उजव्या हातावर विसावला. उजवा खाली तसाच पडून होता, नवस फेडून मोकळ्या झालेल्या माणसासारखा निवांत.

आई आत आली आणि तिनं फडक्यानं माशी मारली.